आठ टाके आणि फॉर्ममधला एक रकाना

पत्र थोडक्यात असं : लिहिणारे सातारा जिल्ह्यातले, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. धाकटा मुलगा अग्निवीर भरतीची ऑनलाइन परीक्षा पास झालाय आणि पुढच्या महिन्यात ग्राउंड आहे. पण २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीत दोन गणेश मंडळांत मारामारी झाली, समोरच्या एका मुलाच्या डोक्याला आठ टाके पडले आणि बारा जणांवर गुन्हा दाखल झाला. त्या यादीत या मुलाचं नाव सातवं. चार्जशीट गेलंय, तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. ज्या अकॅडमीत तो तयारी करतो तिथले सर म्हणतात, "फॉर्मवर 'गुन्हा नाही' असं लिहून मोकळा हो, ठाण्यातलं चाळीस हजारांत मी बघतो." आई म्हणते, खरं लिही, नाहीतर भरतीचा नाद सोड. वडील विचारतात : "बावीस वर्षांच्या नोकरीत खोटी सही केली नाही. आता पोराला करायला सांगू का? तिकडे रशिया तुरुंगातून माणसं काढून सैन्यात घेतो, अमेरिका सूट देते. मग आमच्या पोरानं एकदा काठी उचलली तर तो जन्माचा गुन्हेगार?"

मेजर,

गावात सगळे तुम्हाला याच नावानं हाक मारतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते. तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. पहिलं पान सगळं पोराच्या तयारीचं आहे. सोळाशे मीटर ५ मिनिटं २२ सेकंदांत, बीमवर दहा पुलअप्स, पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणं. तिसऱ्या पानावर मध्येच एक वाक्य येतं : "त्या दिवाळीत पोराचं अठरावं पूर्ण झालं, पण घरात गोडधोडसुद्धा केलं नाही." तुम्ही ते दुःखाच्या ओघात लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले आणि कॅलेंडर काढलं.

२०२३ ची अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. दिवाळी नोव्हेंबरात. म्हणजे मिरवणुकीच्या रात्री तुमचा मुलगा सतरा वर्षांचा होता. कायद्याच्या भाषेत बालक.

आता तुम्ही जोडलेली एफआयआरची झेरॉक्स पाहा. "गैरकायद्याची मंडळी जमवून, लाथाबुक्क्यांनी व काठीने मारहाण करून, शिवीगाळ करून" वगैरे नेहमीची वाक्यं आहेत. खाली नावांची यादी आणि सातव्या नावापुढे "वय १९ वर्षे, धंदा - शेती". हे एकोणीस आलं कुठून? तालुका कोर्टात वीस-बावीस वर्षं काळा कोट घालून बसले, त्या अनुभवावर सांगते, फिर्याद देणारा अंदाजानं वय सांगतो आणि लिहिणारा लिहितो. पुढे अटकेच्या वेळी विचारलं, तर नुकती मिशी फुटलेलं पोर मित्रांसमोर आपलं वय एक-दोन वर्षं वाढवूनच सांगतं. तेच चार्जशीटमध्ये उतरतं. बारा जणांचा एकच वकील असला की तो बाराही जणांच्या जामिनाचं बघतो, एकेकाचा शाळेचा दाखला कोण बघणार?

तुम्ही मला विचारलंत की खरं लिहावं की खोटं. त्याआधीचा प्रश्न असा आहे की खरं म्हणजे नेमकं काय, आणि ते तुमच्या घरात अजून कुणी नीट वाचलेलंच नाही.

बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे, घटनेच्या दिवशी आरोपी अठराच्या आतला होता हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. निकाल लागून गेल्यावरसुद्धा येतो. तुमची केस तर अजून साक्षीपर्यंतही आलेली नाही. कोर्ट वय ठरवतं ते कलम ९४ प्रमाणे : आधी शाळेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. वय सिद्ध झालं की तुमच्या मुलाचं प्रकरण त्या अकरा जणांपासून वेगळं होतं, कारण बालक आणि मोठे यांचा खटला एकत्र चालवायला कायद्यानंच मनाई आहे. ते बाल न्याय मंडळाकडे जातं.

तिथे काय होईल? एफआयआरमधली कलमं मी पाहिली : १४३, १४७, १४९, ३२३, ३२४, ५०४. गुन्हा २०२३ चा, म्हणून जुनं भारतीय दंड विधानच लागू. यात सगळ्यात जड ३२४, हत्यारानं दुखापत, आणि त्याची कमाल शिक्षा तीन वर्षं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे बाल न्याय कायद्यात किरकोळ धरलेत आणि त्यांच्या चौकशीला मुदत आहे. मुलाला मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिने, फार तर आणखी दोन. तेवढ्यात चौकशी संपली नाही तर कार्यवाही आपोआप संपुष्टात येते. दोषी ठरला तरी समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड अशा स्वरूपाचा आदेश निघतो. आणि कलम २४ सांगतं की या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होणार नाही, अपिलाची मुदत संपली की त्या नोंदी नष्ट करायच्या. याला अपवाद सोळा ते अठरा वयातल्या अशा मुलांचा, ज्यांनी निर्घृण गुन्हा केलाय आणि ज्यांच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचं ठरलंय. मिरवणुकीतली काठी त्यात बसत नाही.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण आलं होतं. सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात, उपनिरीक्षक म्हणून निवडलेल्या एका तरुणाला जुन्या गुन्ह्यावरून नाकारलं होतं. गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन होता आणि पुढे निर्दोषही सुटला होता. न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. म्हटलं, दोषी ठरला असता तरी त्या वयातल्या कृत्यावरून त्याला अपात्र धरता आलं नसतं.

म्हणून पहिलं काम वकिलाकडे जाऊन वयाचा अर्ज टाकणं. चाळीस हजार तर सोडाच, त्याच्या पावपट पैशांत हे काम होईल.

आता फॉर्मचा रकाना. तुम्ही म्हणाल, एवढं संरक्षण आहे तर 'नाही' लिहायला काय हरकत? हरकत अशी, की आज, या घडीला, त्याच्यावर मोठ्या माणसांच्या कोर्टात केस चालू आहे. बाल न्याय मंडळाचा आदेश अजून झालेला नाही. रकान्यात जर विचारलं असेल की कधी अटक झाली का, गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, तर आजचं खरं उत्तर 'हो' असंच आहे. तेच लिहावं. सोबत एक ओळ : घटनेच्या दिवशी वय सतरा, बाल न्याय कायद्याखाली अर्ज दाखल, प्रत जोडली आहे. प्रश्नाचे शब्द मात्र नीट वाचा. 'शिक्षा झाली आहे का' हा प्रश्न वेगळा आणि 'गुन्हा दाखल आहे का' हा वेगळा, घाईत पोरं दोन्हीला एकच उत्तर ठोकतात. पुढे मंडळाचा आदेश हातात आल्यावर काय लिहायचं हे त्या वेळच्या फॉर्मच्या शब्दांवर ठरेल. तेव्हा वकिलाचं मत लेखी घ्या, तोंडी नको.

खोट्याचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवा, मेजर. आर्मी ॲक्टचं कलम ४४ : भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. तुमच्या शीटवर बावीस वर्षांत एकही रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद नाही, हे तुम्ही किती अभिमानानं लिहिलंय! पोरानं मात्र कसम परेडच्या आधीच ती शाई सोबत घेऊन जायची, असं तुमच्या अकॅडमीच्या सरांचं म्हणणं दिसतंय. शिवाय त्यांचं 'ठाण्यातलं मी बघतो' हे पंधरा वर्षांपूर्वीचं बोलणं झालं. आता गुन्ह्यांच्या नोंदी सीसीटीएनएसवर, म्हणजे देशभराच्या संगणकावर चढतात, कोर्टाची तारीख मोबाइलवर दिसते. ते चाळीस हजार कुठे जातील याबद्दल माझा अंदाज आहे, पण तो छापण्याजोगा नाही. आणि पैसे देणाऱ्यावरही गुन्हा होतो.

सर कदाचित एक निकालही दाखवतील. दिल्ली पोलिसांच्या भरतीत एका तरुणानं मारामारीची जुनी, तडजोडीनं मिटलेली केस अर्जात लिहिली नव्हती, तरी सर्वोच्च न्यायालयानं ते तरुणपणाची चूक म्हणून माफ केलं. खरी गोष्ट आहे. पण भरतीची जाहिरात १९९९ ची होती आणि निकाल २०११ चा. बारा वर्षं! अग्निवीराची अख्खी नोकरीच चार वर्षांची. भांडून जिंकेपर्यंत तुमचा मुलगा तिशी ओलांडेल. त्यानंतर २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सगळे जुने निकाल समोर ठेवून नियम घालून दिले. उमेदवारानं दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. लपवलं तर नोकरी जाऊ शकते. तरुण वयातली घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब असेल तर नेमणूक करणाऱ्यानं दुर्लक्ष करावं. आणि तुम्हाला न आवडणारा भागही त्यातच आहे : सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक केलीच पाहिजे अशी सक्ती नाही. पूर्वचरित्र तपासायचा अधिकार त्यांच्याकडे राहतो.

म्हणजे खरं लिहूनही ही भरती हुकू शकते. जून २०२२ मध्ये अग्निपथविरोधात जाळपोळ झाली तेव्हा सैन्याच्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत स्पष्टच सांगितलं होतं, पोलीस पडताळणीशिवाय कुणाला प्रवेश नाही आणि ज्याच्यावर गुन्हा नोंदलेला असेल त्याला येता येणार नाही. मंडळाचा आदेश यायला सहा महिने लागले आणि पडताळणी तिसऱ्या महिन्यात आली, तर पोराला बाहेर बसावं लागेल. हे त्याला आत्ताच सांगा. ग्राउंड मारून, मेडिकल पास होऊन, गावात पेढे वाटून झाल्यावर कळण्यापेक्षा बरं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी, आणि तुमच्या गावातल्या त्या उरलेल्या अकरा जणांसाठीही थोडं लिहिते. अठरा पूर्ण झालेल्यांना कलम २४ चा आधार नाही. त्यांनी आधी आपल्यावर नेमकं काय आहे ते बघावं. 'माझ्यावर केस आहे' म्हणत माझ्याकडे आलेल्या कितीतरी पोरांची निघते ती नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, किंवा शांतता राखण्याच्या बाँडची चॅप्टर केस. काहींच्या गुन्ह्यात पोलिसांनी बी किंवा सी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवून प्रकरण कधीच बंद केलेलं असतं, आणि पोरगं चार वर्षं मान खाली घालून फिरतंय. ठाण्यातून आणि कोर्टातून कागदांच्या नकला काढा. खरोखर खटला असेल तर ३२३ आणि ५०४ आपसांत मिटवता येतात, ३२४ आणि गैरकायदा जमावाची कलमं तालुक्याच्या कोर्टात मिटत नाहीत. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या संमतीनं गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. साताऱ्याच्या माणसाला पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, तेवढी एसटी वाचली. आणि 'साक्षीदार फिरवू, निर्दोष सुटू' हा गावठी उपाय करण्याआधी २०१३ चा मेहर सिंग यांचा निकाल वकिलाकडून समजून घ्या. तडजोडीतून किंवा साक्षीदार उलटल्यामुळे सुटलेल्या माणसाला पोलीस दल नाकारू शकतं, असं त्यात म्हटलंय.

तुमचा रशिया-अमेरिकेचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण हल्ली हा युक्तिवाद वरचेवर कानावर येतो. रशियात २०२२ मध्ये वॅग्नर या भाडोत्री सैनिकांच्या कंपनीचा मालक प्रिगोझिन स्वतः तुरुंगांत फिरला. सहा महिने लढा, जगलात तर माफी, असा सौदा. त्यातले असंख्य कैदी युक्रेनमधल्या बाखमुतच्या खंदकांत मेले, परत आलेल्यांपैकी काहींनी पुन्हा खून केले. याला दुसरी संधी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या पोराला अशा रांगेत उभं करायला तुम्ही निघाला नाहीत, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेची गोष्ट वेगळी. इराक युद्धात माणसं कमी पडली तेव्हा त्यांनी जुने गुन्हे असलेल्यांना सूट देऊन घेतलं. २००२ ते २००९ मध्ये भरती झालेल्या तेरा लाख सैनिकांच्या नोंदी तपासून तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की गंभीर गुन्ह्याची नोंद असलेले सैनिक इतरांपेक्षा वाईट निघाले नाहीत, उलट त्यांना बढत्या लवकर मिळाल्या. पण त्याच सूट मिळालेल्यांत असा एक सैनिक होता ज्यानं साथीदारांसह २००६ मध्ये इराकमधल्या महमुदियात चौदा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिला आणि तिच्या घरच्यांना ठार मारलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला दोन्ही एकदम डोक्यात ठेवणं जड जातं.

आपल्याकडे मात्र अडचण माणसं कमी पडण्याची नाहीच. अग्निपथच्या पहिल्या वर्षी हवाई दलाच्या सुमारे ३,००० जागांसाठी साडेसात लाखांच्या आसपास अर्ज आले होते. एवढ्या गर्दीतून निवडणाऱ्याला प्रत्येकाच्या गुन्ह्यामागची गोष्ट ऐकायला सवड कुठली? तो चाळणी लावतो, आणि चाळणीला काठी कुणी उचलली आणि नुसतं कोण उभं होतं यातला फरक कळत नाही. माझ्या मते तो कळायला हवा. दाखल गुन्हा आणि सिद्ध गुन्हा यांत आपल्या कायद्यानंच फरक केलाय. दरोडा, बाईवरचा अत्याचार आणि मिरवणुकीतली ढकलाढकली एकाच रकान्यात एकाच 'हो'खाली बसतात, हे काही मला पटत नाही. पण ते बदलेल तेव्हा बदलेल. तुमच्या पोराचं ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. चार पानांत तुम्ही त्या आठ टाक्यांना अर्धी ओळ दिलीत. "समोरच्याला आठ टाके पडले, आता बरा आहे." बरा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? तोही कुणाचा तरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा. कोण जाणे, तोही भरतीची तयारी करत असेल, आणि डोक्याच्या जखमेवरून मेडिकलला अडेल का या काळजीत त्याचेही वडील कुणाला तरी पत्र लिहीत असतील. "पोरानं एकदा काठी उचलली" असं तुम्ही लिहिता. ती काठी त्याच डोक्यात बसली का? हे तुम्ही मुलाला विचारलंय का? पत्रात कुठेच दिसत नाही. मी वकील आहे, उत्तर मला पाठवू नका आणि कुणालाही लिहून देऊ नका. पण बाप म्हणून विचारा. खोटं उत्तर लिहू का, हा प्रश्न ज्या घरात निघाला त्या घरात हा प्रश्न आधी निघायला हवा होता.

त्या मुलाकडे जावंसं वाटलं तर थेट दारात जाऊन उभे राहू नका. जामिनाच्या अटींत साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही असं लिहिलेलं असतं, आणि निवृत्त फौजी चार माणसं घेऊन गेला तर तो दबावच दिसतो. वकिलाला सांगून, पोलीस पाटलांच्या किंवा तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांच्या मध्यस्थीनं बसा. उपचाराचा खर्च किती झाला ते विचारा. केस मागे घ्या हा शब्द त्या दिवशी काढू नका. पुढे उच्च न्यायालयात संमतीची वेळ आली तर त्या अकरा जणांना त्याचा उपयोग होईल, पण जाताना तो हिशेब मनात नेलात तर समोरच्याच्या आईला तो तुमच्या चेहऱ्यावर दिसेल.

आणि भरती हुकलीच तर? वय निसटत चाललंय हे खरं. पण पोलीस भरती असो, केंद्रीय दलं असोत की तलाठ्याची नोकरी, पडताळणीचा फॉर्म सगळीकडे आहे. मंडळाचा आदेश या प्रत्येक ठिकाणी कामाला येईल, आणि एकदा लिहिलेलं खोटं प्रत्येक ठिकाणी आडवं येईल. तुमच्या पत्रात मुलाचं शिक्षण किती झालंय याचा उल्लेखच नाही, नुसता सोळाशे मीटरचा टायमिंग आहे. बारावीनंतर त्यानं पुस्तक उघडलंय का, ते पुढच्या पत्रात कळवा.

त्याच्या आईचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. खरं लिहायचं, पण नाद लगेच सोडायचा नाही. सकाळचं पळणं चालू राहू दे.

पुढच्या तारखेला जाताना शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तिन्ही मूळ घेऊन जा. झेरॉक्सवर भागत नाही. आणि तिन्हींवर तारीख एकच आहे ना, ते घरून निघायच्या आधी बघा. शाळेत नाव घालताना जूनचं गणित जमवायला जन्मतारीख पुढेमागे करायची आपल्याकडे जुनी खोड आहे.